इद्रीसचे एकेचाळीस मार्क

"मॅडम, बाकीचे एकोणसाठ कुठे गेले?"

इद्रीसने माझा फॉर्म टेबलावर ठेवला आणि अगदी शांतपणे विचारलं. सहा फूट तीन इंचांचा माणूस. माझ्या केबिनमधल्या खुर्चीत बसला की त्याचे गुडघे टेबलाच्या वर यायचे. तो आमच्या फुटबॉल क्लबचा डिफेंडर. डिफेंडर म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभं राहून समोरच्या टीमला गोलपर्यंत पोचू न देणारा. त्याला तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट हवं होतं. मी त्याला शंभरपैकी एकेचाळीस मार्क दिले होते.

"इद्रीस, ते सिस्टीमने काढलेत," मी म्हणाले.

एचआरमध्ये काम करणारा माणूस अडचणीत आला की सिस्टीमकडे बोट दाखवतो. सिस्टीम म्हणजे माझीच एक्सेल शीट होती, हे इद्रीसला माहीत नव्हतं.

तर, मी एचआरवाली. इकडे आखातात, हमरिया फ्री झोनमध्ये पाईप बनवणाऱ्या एका कंपनीत नऊ वर्षं आहे. माणसं घ्यायची, त्यांचे व्हिसा काढायचे आणि वर्षाच्या शेवटी त्यांना मार्क द्यायचे, हे माझं काम. आमच्या मालकांना, अबू राशिद यांना, दोन नाद. एक पाईप, दुसरा फुटबॉल. चार वर्षांपूर्वी त्यांनी खालच्या डिव्हिजनमधला एक छोटा क्लब चालवायला घेतला. क्लबला वेगळा एचआर हवा का, असं कोणीतरी विचारलं. ते म्हणाले, "सुनीता मॅडम है ना." त्या चार शब्दांत मी फुटबॉलमध्ये शिरले.

माझं फुटबॉलचं ज्ञान सांगते. ऑफसाइड म्हणजे काय, हे माझ्या मुलीने, रेवाने, मला एकदा डायनिंग टेबलावर मसाल्याच्या वाट्या मांडून समजावलं होतं. मला त्यातलं एवढंच आठवतं की जिरं ऑफसाइड होतं.

फॉर्म मात्र माझा अभिमानाचा विषय. वेल्डर, फिटर, फोर्कलिफ्ट ड्रायव्हर, सगळ्यांना चालेल असा एक फॉर्म मी फॅक्टरीत बनवला आहे. क्लबसाठी त्यातच थोडे बदल केले. 'प्रॉडक्शन' काढून 'टॅकल' लिहिलं. टॅकल म्हणजे समोरच्याच्या पायातला बॉल काढून घेणं. 'वेल्डिंग रिजेक्शन'च्या जागी 'चुकलेले पास' टाकलं. 'हाउसकीपिंग' काढायचं राहून गेलं, त्यात सगळ्यांना सरसकट सहा दिले. कोणी तक्रार केली नाही, म्हणून मला वाटलं फॉर्म उत्तम आहे.

त्या फॉर्मात इद्रीस टॅकलमध्ये सगळ्यात खाली. धावण्यातही खालीच. पंक्च्युअ‍ॅलिटीत मात्र दहापैकी दहा, कारण प्रॅक्टिसला तो ग्राउंडचं फाटक उघडायच्या आधी येऊन उभा असायचा. त्याच्या शेजारी, दुसऱ्या बाजूला खेळणारा डिफेंडर नबील याला अठ्ठ्याहत्तर. नबील दर मॅचला पंचवीस वेळा जमिनीवर लोळायचा. मॅच संपली की त्याची चड्डी गवताच्या रंगाची असायची. अबू राशिदना तो फार आवडायचा.

"कंपनी तुला एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट द्यायला तयार आहे," मी इद्रीसला सांगितलं. "नऊ हजार दिरहॅम, आत्ता आहे तेवढंच."

नऊ हजार म्हणजे रुपयांत दोन लाखांच्या वर. इथे येऊन इतकी वर्षं झाली तरी आकडा ऐकला की मी मनात तेवीसने गुणतेच.

"एक वर्ष असेल तर मी घरी जातो, मॅडम."

घर म्हणजे घाना. तिथे बायको आणि सात वर्षांची मुलगी.

"तीन वर्षं मी तिला फोनमध्येच वाढताना बघतोय," तो म्हणाला. "तीन वर्षांचं मिळालं तर दोघींना इथे आणीन. एका वर्षासाठी मुलीची शाळा नाही बदलणार. ती इथे मैत्रिणी करणार, आणि मग मी तिला सांगायचं, चल परत?"

मी फॉर्म त्याच्याकडे सरकवला. रेवा दुसरीत असताना आम्ही डोंबिवलीहून इथे करामाला आलो. पहिले सहा महिने ती रोज संध्याकाळी मला विचारायची, आपण परत कधी जायचं? माझं तेव्हाचं पहिलं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांचं होतं, आणि ते भर शाळेच्या मध्यात, ऑक्टोबरमध्ये संपत होतं. त्या ऑक्टोबरची मी किती धास्ती घेतली होती, हे मला अजून आठवतं.

"पुढच्या गुरुवारपर्यंत थांब," मी म्हणाले. "गुरुवारी मीटिंग आहे."

त्याने फॉर्म घडी करून खिशात घातला. "हाउसकीपिंगमध्ये सहा का?" जाता जाता त्याने विचारलं. "माझी खोली चांगली असते."

दुपारी कोच आले. मुन्सिफ त्यांचं नाव, ट्युनिशियाचे. त्यांनी दार वाजवलं नाही.

"मॅडम, तू माझ्या टीमचं छप्पर विकायला काढलंस."

"कोच, आकडे बघा ना..."

"कुठल्या मॅचला आलीस तू?"

चार वर्षांत मी एकाही मॅचला गेले नव्हते. वेल्डरचे मार्क द्यायला मी कधी वेल्डिंग केलं नाही, हा माझा मुद्दा होता. पण तो मोठ्याने बोलण्यासारखा नव्हता.

"शनिवारी रास अल खैमाला मॅच आहे. बसमध्ये बस. यल्ला!"

श्रीकांतला, म्हणजे नवऱ्याला, मी फोन करून सांगितलं की शनिवारी मला फुटबॉलच्या मॅचला जायचंय.

"तू?" तो म्हणाला. नंतर बराच वेळ फक्त हसण्याचा आवाज आला.

टीमची बस घागभाऊ चालवतात. गुहागरकडचे, बावीस वर्षं इथे, आठवडाभर फॅक्टरीची बस आणि शनिवारी क्लबची. मॅच सुरू झाली तसे ते माझ्या शेजारी येऊन बसले. हातात थर्मास, खिशात शेंगदाण्याची पुडी.

"मॅडम, तुम्ही इकडे कशा?"

"इद्रीसचे मार्क तपासायला."

"एकेचाळीस ना?" ते म्हणाले. फॉर्म गोपनीय होता. पण बसमध्ये काहीच गोपनीय राहत नाही.

पहिली वीस मिनिटं मी बॉलच्या मागे डोळे पळवले. नबील दिसायचा. धावतोय, घसरतोय, ओरडतोय, बॉल काढतोय. इद्रीस नुसता उभा. तीन पावलं डावीकडे, दोन पावलं मागे, कोणाला तरी हाताने खूण. बस स्टॉपवर उभा असल्यासारखा. मी मनात म्हटलं, एकेचाळीसही जास्तच झाले.

"बघा की," मी घागभाऊंना म्हणाले, "करतोय काय हा?"

घागभाऊंनी पुडी माझ्यापुढे केली. "मॅडम, कबड्डी बघितलीत काय कधी?"

"शाळेत. मी गुण लिहायला बसायचे."

"तरीच," ते म्हणाले. "आमच्या गावच्या संघात डाव्या कोपऱ्याला दिनू होता. चढाईला आलेला गडी कोपऱ्यापर्यंत पोचला ना, की दिनू त्याचा घोटा धरायचा. मग संपला तो. सगळ्या तालुक्याला ठाऊक. तर एका वर्षी स्पर्धेत दिनूच्या पकडी किती झाल्या? तीन. आणि उजव्या कोपऱ्याला बाळ्या होता, त्याच्या चौदा. बक्षीस दिलं बाळ्याला."

"मग बरोबरच आहे ना."

"बरोबर कसं? दिनूकडे कोण जातच नव्हता! सगळे बाळ्याकडे. फायनलला दिनू तापाने पडला. त्याच्या जागी दुसरा उभा केला. मग काय, अख्खी वरात त्याच बाजूने."

"हरलात?"

घागभाऊंनी थर्मासचं झाकण घट्ट केलं. "त्याच्या जागी मीच उभा होतो," ते म्हणाले.

मी हसले नाही. खरं म्हणजे हसले.

"आता असं करा," ते म्हणाले, "बॉल सोडा. समोरच्या टीमचा तो नऊ नंबर आहे ना, तो कुठे जातो ते बघा."

मी नऊ नंबरकडे बघायला लागले. तो बॉल घेऊन सरळ यायचा. इद्रीस तीन पावलं सरकायचा. की नऊ नंबर वळला, गेला नबीलकडे. परत आला, इद्रीस दोन पावलं मागे, पुन्हा वळला, पुन्हा नबीलकडे. नबील बिचारा लोळून लोळून हिरवा झाला होता. मी पर्समधून फॉर्मची एक कोरी प्रत काढली, मागच्या बाजूला दोन रकाने केले, आणि रेघा मारायला लागले. हाफटाइमपर्यंत नबीलच्या बाजूला रेघांच्या चार जुड्या बांधून झाल्या होत्या. इद्रीसच्या बाजूला तीन रेघा.

मॅच शून्य-शून्य सुटली. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. शून्यासाठी टाळ्या वाजवण्याची माझी ती पहिलीच वेळ. घागभाऊ म्हणाले, "बसा मॅडम, लोक बघतात."

पण एका मॅचच्या रेघांवर अबू राशिद ऐकणार नव्हते. पाईपचा एक तुकडा तपासून कोणी माल पास करत नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. म्हणून रविवारी मी क्लबच्या मॅचचे व्हिडिओ घरी मागवले आणि रेवाला शेजारी बसवलं. रेवा अकरावीत. तिला मी बोलते मराठीत, ती उत्तर देते इंग्रजीत, आणि भांडण झालं की आम्ही दोघी हिंदीवर येतो.

"तू फक्त इद्रीसच्या बाजूला काय काय होतं ते लिही," मी सांगितलं.

चौथ्या मॅचला तिने पेन टाकलं. "आई, धिस इज सो बोरिंग! नथिंग हॅपन्स ऑन हिज साइड!"

"तेच लिही!" मी ओरडले.

"व्हॉट?"

"हेच. काही होत नाही. किती वेळा काही होत नाही, ते लिही."

श्रीकांत सोफ्यावर पेपर वाचत पडला होता. त्याने पेपर खाली केला, आमच्या दोघींकडे बघितलं, आणि पुन्हा वर केला.

गुरुवारी मीटिंग. अबू राशिद संध्याकाळच्या विमानाने बाहेर जाणार होते, म्हणजे त्याआधी निर्णय हवा होता. कोच एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, मध्ये गाहवा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर. अबू राशिद आमच्याशी झकास हिंदी बोलतात.

"मॅडम, फॉर्टी-वन," ते म्हणाले. "आपने खुद दिया. अब कोच बोलता है तीन साल. मैं किसकी सुनूँ?"

"सर, मैंने गलत दिया."

नऊ वर्षांत एचआरने हे वाक्य उच्चारलं नव्हतं. कोचनी खजूर तोंडाशी नेलेला तसाच धरून ठेवला.

"गलत मतलब?"

मी ठरवून आले होते. "सर, अपने गेट पर बोर्ड है ना?"

आमच्या फॅक्टरीच्या गेटवर एक मोठा बोर्ड आहे. शेवटचा अपघात होऊन किती दिवस झाले, तो आकडा त्यावर रोज सकाळी बदलतात. कुठलाही पाहुणा आला की अबू राशिद त्याला आधी त्या बोर्डासमोर उभं करतात आणि फोटो काढतात. मशिनरी नंतर.

"है. तो?"

"अपने सेफ्टी ऑफिसर ने इस साल कितनी आग बुझाई?"

"आग लगी ही कहाँ!"

"कितने लोगों को क्रेन के नीचे से खींचकर बचाया?"

"मॅडम, उसके होते कोई क्रेन के नीचे जाता ही नहीं."

"तो उसका प्रॉडक्शन ज़ीरो. मेरे फॉर्म में उसको भी फॉर्टी-वन आएगा. निकाल दें?"

"हबीबी, उसको हाथ मत लगाना!" अबू राशिद खुर्चीत पुढे सरकले. आणि मग तिथेच थांबले. कोच आधी हसले. मी रेवाने भरलेला कागद पुढे सरकवला. आठ मॅच, दोन बाजू. नबीलच्या बाजूने हल्ले किती आणि इद्रीसच्या बाजूने किती. आकड्यांपेक्षा दोन रकान्यांची उंचीच बोलत होती. एक आमच्या वेअरहाउससारखा, दुसरा सिक्युरिटीच्या केबिनसारखा.

त्यांनी दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवलं.

"नबील को ज़्यादा काम इसके कारण है?"

"हो सर. मतलब, जी सर."

"ठीक. अच्छा आदमी है. लेकिन तीन साल? अभी इकतीस का है. घुटना गया तो? मैं तीन साल तक घुटने की तनख्वाह दूँ?"

हा प्रश्न चुकीचा नव्हता. लांब मुदतीच्या करारात खेळाडू निश्चिंत होतो आणि मालक अडकतो. छोट्या मुदतीत मालक निश्चिंत आणि खेळाडू अडकलेला. सगळी घासाघीस एवढ्यासाठीच असते.

"हा धावतच नाही," कोच म्हणाले. "झिजणार काय?"

अबू राशिदना हसू आलं, पण ते हलले नाहीत. "दो साल. खलास."

कोचनी हात वर केले. त्यांना तीन हवी होती, पण दोन मिळत होती. माझ्या डोळ्यांसमोर मात्र फाटक उघडायच्या आधी येऊन उभा राहणारा माणूस होता. दोन वर्षांनी करार शाळेच्या मध्यात संपला, तर त्याची मुलगी भरल्या वर्गातून उठणार.

"सर, दो साल पक्के," मी म्हणाले. "इन दो साल में आधे से ज़्यादा मॅच खेला, तो तीसरा साल अपने आप. घुटना गया तो आप छूटे. घुटना ठीक रहा तो वो टिका."

"हम्म."

"और एक लाइन. कॉन्ट्रॅक्ट जब भी खत्म हो, स्कूल का साल खत्म होने के बाद हो. बीच में नहीं."

"मॅडम, ये फुटबॉल का कॉन्ट्रॅक्ट है कि स्कूल अ‍ॅडमिशन का?"

"सर, उसके लिए तो एक ही है."

त्यांनी घड्याळ बघितलं. विमान होतं. गाहवाचा शेवटचा घोट घेतला, आणि पेन मागितलं. पेन देताना मी हळूच नाक ओढलं. त्यांनी ते ऐकलं असावं.

"आप रो रही हैं क्या, मॅडम?"

"नहीं सर, एसी."

इद्रीसला मी संध्याकाळी बोलावलं. त्याने प्रत्येक पान वाचलं. शाळेच्या ओळीपाशी थांबला आणि ती बोट ठेवून दुसऱ्यांदा वाचली.

"हे मी मागितलं नव्हतं," तो म्हणाला.

"सिस्टीमने टाकलंय," मी म्हणाले.

सही झाली. मग त्याने खिशातून तो जुना, घडी घातलेला फॉर्म काढला. मला वाटलं, आता फाडून माझ्यापुढे टाकणार. टाकला असता तरी माझी काही तक्रार नव्हती.

"यावर स्टॅम्प मारून द्याल? बायकोला पाठवायचाय."

"एकेचाळीसचा फॉर्म? कशाला?"

"पंक्च्युअ‍ॅलिटी दहापैकी दहा. लग्नाच्या दिवशी मी दोन तास उशिरा गेलो होतो. तिला हे सही-शिक्क्याशिवाय खरं वाटणार नाही."

मी दोन ठिकाणी स्टॅम्प मारला.

ऑगस्टमध्ये दोघी आल्या. मुलीचं नाव अमीना. पहिल्याच दिवशी ती माझ्या केबिनमध्ये फिरत्या खुर्चीवर गोल गोल फिरली आणि माझा वॉटर डिस्पेन्सर ओला करून गेली. नव्या सीझनच्या पहिल्या मॅचनंतर अबू राशिदांचा मला फोन आला. आवाज एकदम खूश.

"मॅडम, आज भी इसने पूरा मॅच कुछ नहीं किया. माशाल्ला!"

नबीलचेही मार्क मी कमी केले नाहीत. जो समोरच्या टीमची वरात एकट्याच्या दारात झेलतो, त्याचे मार्क कापायचे म्हणजे फारच झालं. उलट त्याला नव्या चड्ड्या मंजूर केल्या.

फॉर्ममधलं 'हाउसकीपिंग' मी काढून टाकलं. त्या जागी नवा रकाना घातला, 'याच्यामुळे काय झालं नाही?' फॅक्टरीतही तोच लावला. तो भरताना सुपरवायझर लोक डोकं खाजवतात आणि मला शिव्या देतात, पण सेफ्टी ऑफिसरला या वर्षी पहिल्यांदा चांगलं इन्क्रिमेंट मिळालं.

हे सगळं मी एका शुक्रवारी घरी जेवताना हौसेने सांगितलं. श्रीकांत नीट ऐकत होता. एरवी तो इतकं नीट ऐकत नाही. तिथेच मला संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी तो सोफ्यावर पडला होता. मी म्हटलं, "अरे, सकाळपासून काही केलंयस का तू?"

त्याने उशीखालून एक कागद काढून माझ्या हातात दिला. माझाच फॉर्म, रेवाने प्रिंट काढून दिलेला. टॅकल : शून्य. चुकलेले पास : शून्य. शेवटच्या रकान्यात त्याच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'घरात आग लागली नाही. पाणी गळलं नाही. शेजाऱ्यांशी भांडण झालं नाही. सासूबाई आल्या तेव्हा वाद झाला नाही.' आणि खाली, 'तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट मिळावं, ही विनंती.'

"बाबा हॅज अ पॉइंट," आतून रेवा ओरडली.

मी त्याला एक वर्षाचं दिलं. बिनपगारी, आणि भांडी घासण्याच्या अटीवर. एवढ्या अनुभवातून मी एकच धडा घेतला. 'काय झालं नाही?' हा रकाना ऑफिससाठी फार चांगला आहे. तो घरी आणू नये.